ओव्हरटेक परीक्षेला झोपला

यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. बसूच नये. ज्याचा बसेल त्याने घरचं माणूस सोबत घेतल्याशिवाय बाजारात जाऊ नये, कारण त्याला कोणीही काहीही विकेल. सगळं जग परीक्षेला बसतं. एक म्हातारा परीक्षेला झोपला. तोही स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावर, उशाला उशी घेऊन, पाय खिडकीकडे करून. आणि परीक्षा कसली, तर नर्सिंगची. जन्मभर ट्रक हाकलेल्या माणसाने द्यायची म्हणजे काही कमी नाही.

या म्हाताऱ्याला सगळे ओव्हरटेक म्हणत. गाडी चालवताना तो कोणाच्या पुढे गेला असेल-नसेल, बोलताना मात्र कोणाला पुढे राहू देत नसे. कोणी म्हणालं, "काल हातभर साप पाहिला," की हा हॉर्न न देताच बाजूने गाडी काढायचा. "हातभर? आम्हाला घाटात एक आडवा गेला होता. त्याचं तोंड गेलं, मग आम्ही चहा प्यायलो, भांडी धुतली, तेव्हा कुठे शेपूट आलं." एकदा म्हणे धुकं इतकं दाट होतं की याने अंदाजाने गाडी थांबवली आणि केबिनमध्येच झोप काढली. उठून पाहतो तर गाडी पुलाच्या मधोमध, आणि पूल अजून बांधायचा होता.

"मग खाली कसे आलात?" बायकोने विचारलं होतं.

"रिव्हर्स," ओव्हरटेक म्हणाला. "आलो त्याच रस्त्याने. रस्ता ओळखीचा होता ना."

आता हा माणूस गाडीवरून उतरून घरी बसला होता. ट्रकच्या अड्ड्यावरच्या बाकावर सकाळ काढायची, जेवायला घरी यायचं, साखरेची गोळी घ्यायची आणि संध्याकाळी पुन्हा अड्डा. रक्तातली साखर त्याला बरीच वर्षं होती. "एवढ्या गोड बोलण्यावर साखर चढणारच," असं तो डॉक्टरांनाही सांगून आला होता.

घरात बायको आणि सून. मुलगा दुसऱ्या गावी कामाला, फोनवर रोज दिसायचा. सून सरकारी इस्पितळात मदतनीस नर्स होती. मदतनीस म्हणजे काम सगळं, सही दुसऱ्याची. पूर्ण नर्स व्हायचं तर पुढचा कोर्स करायला हवा, आणि तो कोर्स आता फोनवर आला होता. ड्युटी संपवून घरी यायची, हातपाय धुवायची, फोन मिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि एकीकडे भाजी चिरत शिकायची. वेळ वाचावा म्हणून मॅडमचा आवाज ती वेग वाढवून ऐके.

"ही बाई उतारावर न्यूट्रल टाकून का बोलते?" ओव्हरटेक विचारायचा.

"बाबा, मीच पळवलंय त्यांना."

"बघ हं. वळणावर पलटी होतील."

नेटचं तर विचारू नये. ते फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीशी यायचं, आणि तेही इतक्या सावकाश, की मॅडमचं गुड मॉर्निंग कधी कधी दुपारच्या जेवणाला पोचायचं. पण पोचायचं. सुनेने त्याच खिडकीशी उभं राहून हृदयाचे कप्पे शिकले, उशीला इंजेक्शनं दिली, टेबलाच्या चारही पायांना इतकी सुबक बँडेजं बांधली की ते टेबल लंगडायचं थांबलं. हे शेवटचं खरं आहे. पायाखाली पट्टीची घडी गेली होती.

कोर्समध्ये एक पेशंटही होता. पडद्यावरचा. पांढरे केस, निळा झगा, पलंगावर टेकून बसलेला. त्याला प्रश्न विचारायचा, तो उत्तर द्यायचा. छातीत दुखतं का? नाही. पायऱ्या चढताना दम लागतो का? हो, दोन मजल्यांनंतर. त्याच्या पायावर बोट टेकवलं की तो म्हणायचा, "हो, कळतंय," आणि बाजूला हिरवी बरोबरची खूण उमटायची. विचारलं तेवढंच बोलायचा, बोलला ते खरं असायचं, आणि रविवारीसुद्धा कुरकुर करायचा नाही. सासूबाई त्याला भाऊजी म्हणू लागल्या.

"भाऊजींकडून शिका जरा," त्या नवऱ्याला म्हणायच्या. "एक प्रश्न, एक उत्तर. तुम्हाला 'जेवलात का' विचारलं तर तुम्ही गाडी जंगलात नेता."

"त्याला काय होतंय? त्याच्यामागे बॅटरी आहे. माझ्यामागे तू आहेस."

पण मनातून ओव्हरटेकला त्या भाऊजीचा राग होता. सून त्याच्यासमोर तासन्‌तास बसायची आणि त्याचं प्रत्येक वाक्य मान डोलावून ऐकायची. ओव्हरटेकचं वाक्य अर्ध्यावर आलं की तिला कुकरची शिट्टी ऐकू यायची. कुकर लावलेला नसला तरी.

कोर्सच्या सगळ्या परीक्षा पार पडल्या, शेवटची एक उरली. एखाद्या घरी जाऊन वयस्क माणसाची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करायची, आणि ती मॅडम दूर आपल्या खोलीत बसून कॅमेऱ्यातून बघणार. पेशंट घरचा चालेल, असं कळवलं होतं. सुनेने सासूबाईंना घेतलं. त्या शांत, मोजकं बोलणाऱ्या. भाऊजींच्या जवळपास जाणारं घरात तेवढंच एक माणूस.

तिथेच घात झाला. कॅमेरा सुरू झाला आणि सासूबाईंना एकदम वाटलं, घरात पाहुणे आलेत. पाहुण्यांपुढे दुखणी सांगायची असतात का? झोप लागते? छान. भूक? छान. गुडघे? अगदी छान. सुनेने तक्रार नाही असं लिहिलं आणि पुढे सरकली. मॅडम म्हणाल्या, "जरा गुडघा दाखवा बघू." गुडघा दाखवला, तर तो दुधीभोपळ्याएवढा सुजलेला. त्यावर मॅडमने बोट टेकवायला लावलं, आणि सासूबाई अशा ओरडल्या की कॅमेरा आडवा झाला.

"पेशंट सांगतो ते टिपून घ्यायला फोन पुरतो," मॅडम आडव्या फोनमधून म्हणाल्या होत्या. "नर्स कशासाठी लागते?"

सून नापास झाली. घरात ती एवढंच म्हणाली, "गेली. पुन्हा द्यायची," आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. सासऱ्यांना काय सांगणार, की तुमच्या बायकोने थाप मारली आणि मी ती गिळली? इस्पितळात तिच्यासाठी पूर्ण नर्सची जागा राखून ठेवली होती, ती पुढच्या परीक्षेपर्यंतच. त्यानंतर जागा दुसरीची, आणि ही पुन्हा मदतनीस. मेट्रनबाईंनी तसं तोंडावर सांगितलं होतं. हे मात्र घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण नळाच्या आवाजातूनही रडणं ऐकू येतं.

"तुझ्यामुळे पोरगी आपटली," ओव्हरटेक बायकोला म्हणाला.

"मी काय केलं? सगळं सांगितलं ना तुम्हाला, विचारलं त्याचं उत्तर दिलं."

"दोन दिलीस! आधी म्हणालीस छान, मग ओरडलीस. साक्षीदार फिरला की खटला गेलाच. मला चारदा कोर्टात नेलंय पोलिसांनी, मला विचार. एकदा जे म्हटलं त्यावरून हलायचं नाही. भाऊजी हलतो का? 'हो' म्हणाला की 'हो'. लगेच हिरवी खूण."

"मग तुम्ही झोपा टेबलावर."

"झोपतो."

असा निर्णय झाला. सुनेला तो मुळीच पसंत नव्हता. पण शेजारपाजारचे म्हातारे गेल्या वेळची किंकाळी ऐकून होते; कॅमेरा म्हटल्यावर ते दार लावून घेत. शेवटी तिने सासऱ्यांसमोर हात जोडले.

"बाबा, एकच मागते. गोष्ट सांगायची नाही."

"एकही नाही."

"मी छातीत दुखतं का विचारलं तर?"

"छातीत? अगं, एकदा माझ्या छातीवर स्टेपनी पडली होती, अख्खी, रिमसकट. मी खालून विचारलं, कोण बसलंय रे..."

"बाबा."

"नाही. छातीत दुखत नाही."

त्यांनी सराव केला. बीपीचा पट्टा हाताला गुंडाळताना सुरुवातीला तो प्रत्येक वेळी ब्रेकच्या नळीची हकिगत सुरू करायचा. हळूहळू हकिगती लहान होत गेल्या. आधी वाक्याएवढ्या, मग शब्दाएवढ्या. सून आंघोळीला गेली की तो गुपचूप मिठाच्या डब्यासमोर बसायचा आणि भाऊजीला बघायचा. कसा मान हलवतो, किती थांबून बोलतो. भाऊजीचं 'हो' त्याने अगदी तंतोतंत उचललं, जरा नाकातून आणि मऊ. बायकोने एकदा ते ऐकलं आणि म्हणाली, "आता झगा तेवढा शिवायचा राहिला."

एका गोष्टीचा सराव मात्र झाला नव्हता. पायाचा. कॉलेजने त्यासाठी एक लहान डबी कुरियरने पाठवली होती, ती परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पोचली. डबीत एक दांडा आणि त्याला नायलॉनचा एकच केस, ब्रशच्या केसासारखा.

"हे कशाला?" ओव्हरटेकने विचारलं.

"साखरवाल्यांच्या पायाची जाण बघायला. तुम्ही डोळे मिटायचे, मी तळव्याला हा टेकवणार, तुम्हाला कळलं की 'हो' म्हणायचं. झालं."

"एवढंच?" तो हसला. पण जेवताना त्याने एकही गोष्ट सांगितली नाही, आणि बायकोला वाटलं, परीक्षेची धास्ती असेल.

धास्ती होतीच, पण वेगळी. मध्यंतरी तो अड्ड्यावरून घरी आला तो एकाच चपलेने. बायकोने दुसऱ्या पायाकडे बघितलं तेव्हा त्यानेही तिथे पहिल्यांदाच बघितलं. चप्पल कुठे पडली, केव्हा पडली, पत्ता नाही. पाय तापलेल्या डांबरावरून तसाच चालत आला होता आणि मालकाला काही कळवलं नव्हतं. त्याने लगेच सांगून टाकलं, की वाटेत एक कुत्रं भेटलं, त्याच्या तीन पायांत चपला होत्या आणि चौथ्यात नव्हती, दया आली. बायको हसली, सून हसली. तोही हसला.

ही गोष्ट मोडून खरं सांगणं त्याच्या जिवावर आलं होतं. कारण पाय म्हणजे साधी गोष्ट नव्हे. हात कोणाचेही स्टिअरिंगवर असतात; गाडी चालते ती तळपायावर. क्लच किती सुटला, ब्रेक कुठे लागतोय, इंजिनाला कुठे खरखर आहे, हे सगळं त्याला तळव्यातून समजायचं. एवढ्या वर्षांत हीच एक गोष्ट अशी होती जी तो फुगवून सांगत नसे, कारण ती फुगवायची गरजच नव्हती. आता खाली नुसती उशी बांधल्यासारखं वाटायचं. आणि हे घरात कळलं तर पहिली बंदी येणार अड्ड्यावर जाण्यावर. बाक तिकडे आणि हा इकडे, म्हणजे मग गोष्टी सांगायच्या कोणाला? कुकरला?

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबल पुसलं, चादर घातली. खालच्या मजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत सासूबाईंनी निरोप धाडला होता, की आज कोणी फोन लावू नका, सुनेचं नेट अडतं. लोकांनी इतका मान राखला, की वरच्या मजल्यावरच्या बाईने नवऱ्याशी करायचं असलेलं भांडणसुद्धा संध्याकाळवर ढकललं. सासूबाई स्वतः दाराबाहेर स्टूल टाकून पहाऱ्याला बसल्या. आत यायची त्यांना बंदी होती.

फोनमध्ये मॅडम उमटल्या. चष्मा, मागे कपाट, हातात पेन.

"पेशंट कोण?"

"माझे सासरे, मॅडम."

"गेल्या वेळी सासूबाई होत्या ना?"

"त्या बाहेर आहेत," ओव्हरटेक म्हणाला आणि लगेच ओठ मिटले.

सुरुवात झकास झाली. सुनेने हात धुतले, काय करणार ते पेशंटला सांगितलं, परवानगी विचारली. "हो," ओव्हरटेक म्हणाला. नाडी, श्वास, बीपी. बोटाला सुई टोचून साखर पाहिली. डोळे, जीभ, कानामागे. झोप? लागते. दम? जिन्याला लागतो. औषध चुकतं? कधीमधी. एक प्रश्न, एक उत्तर. बाहेर स्टुलावर सासूबाई थक्क झाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला पूर्णविराम येतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मग सून पायाशी आली. टेबलाच्या त्या टोकाला लाकडी बैठकीचं जुनं स्टूल होतं, त्यावर ती बसली आणि स्टूल करकरलं.

"पायांना मुंग्या येतात? बधिर वाटतात?"

इथे ओव्हरटेकचा पाय घसरलाच. "छे! मुंगी चालली तर तिचा कुठला पाय लंगडा आहे तेसुद्धा सांगेन."

खिडकीशी मॅडमच्या पेनाचा आवाज झाला. सुनेने काहीच लिहिलं नाही. तिने त्याचे तळवे पाहिले, बोटांच्या फटी पाहिल्या, टाचेच्या भेगा पाहिल्या. मग डबी उघडली आणि तो केस आधी त्याच्या हाताच्या पाठीवर टेकवला.

"असं लागेल. कळलं?"

"हो." हे खरं होतं.

"आता डोळे मिटा. पायाला लागलं की 'हो' म्हणा. मी विचारणार नाही."

त्याने डोळे मिटले. अंधार झाला आणि त्या अंधारात त्याला पाय नव्हते. गुडघ्यापर्यंत तो होता. पुढे कुठेतरी धुकं होतं. त्याने सगळं लक्ष तिकडे लावलं, घाटात लावायचा तसं. काही नाही. पोरगी टेकवते आहे की नाही? वेळ चालला होता. आपण गप्प राहिलो तर खूण हिरवी होणार नाही. ती गेल्या वेळेसारखी नळाखाली जाऊन बसेल, जागा दुसऱ्या कोणाची होईल, आणि या वेळी नाव आपलं निघेल.

तेवढ्यात स्टूल करकरलं.

ड्रायव्हरचे कान. पाय गेले तरी कान शाबूत होते. ती पुढे वाकली की स्टूल बोलतं, हे त्याने लगेच ताडलं.

"हो," तो म्हणाला. नाकातून, मऊ.

पुन्हा कर्र.

"हो."

कर्र.

"हो."

गाडी लागली रस्त्याला. आता त्याला मजा वाटू लागली. मॅडम काही बोलत नव्हत्या, म्हणजे पलीकडे एकेक हिरवी खूण पडत असणार. भाऊजी, बघ म्हणावं. तुला बॅटरी लागते. डबीचं झाकण वाजल्यासारखा टक असा बारीक आवाज झाला, पण त्याचं ध्यान स्टुलाकडे होतं. मग बराच वेळ काहीच नाही. ओव्हरटेक तयारीत राहिला.

कर्र.

"हो."

कर्र. या वेळी जरा लांबलेलं.

"हो." आणि एवढ्या वेळ दाबून धरलेलं सगळं त्याच्या जिभेवर आलं. नुसतं 'हो' म्हणजे भाऊजीची बरोबरी. पुढे कोण काढणार? "हो, डाव्या अंगठ्याच्या खाली. जरा बाहेरच्या अंगाला. पहिल्यापेक्षा जोरात टेकवलंस, आणि केस किंचित वाकडा झालाय बघ, उजवीकडे."

फोनमध्ये मॅडमनी पेन खाली ठेवलं, ते त्याला ऐकू आलं. मग घोट्याच्या वर, जिथून पुढे त्याचा पाय त्याचा होता, तिथे सुनेचा हात येऊन थांबला. ती बोलली ते मॅडमना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"बाबा, डोळे उघडा. केस केव्हाचा डबीत आहे."